शंभरातले दोन चौकोन

उमाटे सर मला पहिल्यांदा दिसले ते पाठमोरे. वर्ध्यातल्या आमच्या कॉलेजात भूगोल विभागाची खोली दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून आहे. तासिका तत्त्वावर शिकवण्याचं पत्र घेऊन मी तिथं गेले, तेव्हा पन्नाशी ओलांडलेला एक उंच, किडकिडीत माणूस खिडकीच्या काचेवर दोन ट्रेसिंग पेपर एकावर एक दाबून उभा होता. एक हात वरच्या कोपऱ्यावर, दुसरा खालच्या. माझी चाहूल लागताच त्यांनी मान वळवली आणि काहीतरी विचारलं. मला एक अक्षर कळलं नाही, कारण चिकटपट्टीचा तुकडा त्यांच्या दातात होता. तो काढून त्यांनी पुन्हा विचारलं,

“मॅडम, हे दोन नकाशे किती सारखे आहेत?”

मी पाहिलं. एकाच गावाचे नकाशे होते. नदीचं वळण तेच, वस्ती तीच, वस्तीच्या वरच्या अंगाला पडीक जमीन तीच.

“बरेच सारखे आहेत.”

“बरेच म्हणजे किती?”

“नव्वद टक्के असतील.”

“मी मोजले. चाळीस आले.” त्यांनी कागद सोडले, ते घरंगळून खाली पडले. “एका पोरानं पूर्ण नकाशा एक चौकोन डावीकडं काढला आहे. बाकी सगळं बरोबर. डोळा म्हणते सारखे, आकडा म्हणते वेगळे. आता कोणाचं ऐकावं?”

मला वाटलं, नव्या माणसाची परीक्षा चालली आहे. मी पदव्युत्तरला शिकलेलं जे आठवेल ते बोलायला लागले. त्यांनी खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “थांबा. मी जरा गोंधळलो.”

परीक्षा वगैरे काही नव्हती. त्यांना खरंच उत्तर हवं होतं, हे कळायला मला पुढे बरेच महिने लागले.

सर पुलगावचे. रोज सकाळच्या गाडीनं वर्ध्याला येत आणि दुपारनंतरच्या गाडीनं परत जात. पंचवीस वर्षं त्यांनी एकच गोष्ट मन लावून शिकवली. कोणत्या जमिनीवर काय चाललं आहे, म्हणजे कुठं पीक, कुठं घरं, कुठं पाणी, कुठं झाडी, कुठं काहीच नाही, याचा नकाशा काढायचा. आणि मग एकाच जागेचे दोघांनी काढलेले दोन नकाशे एकमेकांशी किती जुळतात ते मोजायचं. पहिली अर्धी गोष्ट सगळेच शिकवतात. सरांचा जीव दुसऱ्या अर्ध्या गोष्टीत होता. नकाशे ते ठिबक सिंचनाच्या पाइपात ठेवत. हातभर लांबीचा जाड पाइप, दोन्ही तोंडांना बूच. गाडीत तो मांडीवर आडवा ठेवून बसत. कॉलेजातली पोरं त्यांना पाइपवाले सर म्हणत, आणि हे त्यांना माहीत होतं.

‘सारखं’ हा शब्द त्यांच्यासमोर मोकळा टाकायची सोय नव्हती. कॅन्टीनमध्ये कुणी म्हणालं की आजचा चहा कालच्यासारखाच पांचट आहे, तर सर कप खाली ठेवत. “पांचटपणा सारखा आहे का गोडी?” विचारण्यात खोच नसे. समोरचा हसला की तेही हसत, पण थोडे उशिरा. त्यांच्या बायकोनं मला एकदा सांगितलं, लग्न जुळवताना कुणीतरी म्हणालं, पोरगी अगदी मोठ्या बहिणीसारखी आहे, तर हे म्हणाले, कोणत्या बाबतीत? “माह्या बापाले वाटलं, पोराले काई खोट दिसली. दोन महिने लग्न अडलं.”

वर्गात ते शुद्ध बोलायला सुरुवात करत आणि गुंतत गेले की वऱ्हाडीवर येत. फळा भरून लिहून झालं की मागं सरकायचे, स्वतःच लिहिलेलं वाचायचे आणि म्हणायचे, “थांबा, मी गोंधळलो.” मग डस्टर घेऊन अर्धा फळा पुसून टाकायचे. मागच्या बाकावरची पोरं हे वाक्य त्यांच्याच आवाजात म्हणत. माझ्या पहिल्या वर्षी मला त्यांची कीव यायची. मला एक तास चुकलेला चालत नव्हता. पोरं काय म्हणतील याची भीती असायची. सरांना ती भीतीच नव्हती. गोंधळ झाला की सर्दी झाल्यासारखा ते तो सांगत.

एकदा मात्र त्यांनी वर्गाला गप्प केलेलं मी पाहिलं. एका मुलानं घरी बसून नकाशा केला होता. सगळीकडे ‘शेत’ लिहून मोकळा. तो खऱ्या नकाशाशी ताडला तर शंभरातले ऐंशी चौकोन जुळले. मुलगा खूश. जो पोरगा खरंच उन्हात फिरला होता त्याचे जुळले होते ब्याऐंशी.

“म्हणजे यानं चार किलोमीटर पायपीट केली ती दोन मार्कांसाठी का?” सर म्हणाले. “आपल्या भागात वावरच जास्त. डोळे मिटून ‘शेत’ म्हटलं तरी बहुतेक वेळा बरोबरच येते. मग जेवढं नशिबानं जुळलं असतं, तेवढं आधी वजा करा. उरलं ते तुमचं.” त्यांनी वजाबाकी करून दाखवली. घरी बसलेल्याच्या वाट्याला शून्य आलं. फिरलेल्याच्या वाट्याला आलं ते इतकं थोडं होतं, की तो मुलगाही रडवेला झाला. मग सर पुन्हा फळ्याकडे बघत राहिले. “याचं एवढं कमी काऊन आलं? थांबा.” आणि डस्टर उचललं.

घरीही तेच. एका रविवारी आम्ही काही जण त्यांच्याकडे पुलगावला जेवायला गेलो होतो. जेवणं झाल्यावर ते आम्हाला गावाबाहेरच्या वावरात घेऊन गेले. शेती धाकटा भाऊ बघतो. वावराचा एक तुकडा नुसता गवताचा होता. सरांनी आमच्यासमोर भावाला विचारलं, हे पडीक लिहायचं की शेत?

“वावर आहे न दादा.”

“पीक कुठं आहे?”

“बैलाले गवत ठेवलं. पुढच्या साली तूर टाकीन.”

“म्हणजे आज काय आहे?”

“आज वावरच आहे. कालबी वावर होतं.” भाऊ आमच्याकडे वळून म्हणाला, “याइनं मागच्या खेपेले पडीक लिहिलं होतं. आमच्या बापाच्या वावराले पडीक. बुडा असता तर जेवाले देल्लं नसतं.”

सर हसले नाहीत. येताना रस्ताभर ते माझ्याशी त्या तुकड्याबद्दलच बोलत होते. त्यांच्या आणि भावाच्या, दोघांच्या नकाशात तो एकच तुकडा जुळत नव्हता, आणि दोघंही जन्मापासून तिथंच राहिलेले.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसले, ती सांगते.

त्या वर्षी दिवाळीनंतर आंजी मोठी या गावाचं सर्वेक्षण करायचं ठरलं. ग्रामपंचायतीनंच नकाशा मागितला होता. गावाच्या पुढच्या आराखड्याला हवा होता. सरांनी शिवाराचे भाग पाडले. प्रत्येक भागात शंभर चौकोन, एक चौकोन साधारण पाव एकराचा. प्रत्येक भाग दोन विद्यार्थ्यांना दिला, पण वेगवेगळ्या दिवशी. एकानं दुसऱ्याचा कागद बघायचा नाही, एकमेकांशी बोलायचं नाही. नंतर दोघांचे नकाशे सर ताडणार. जिथं जुळतील तिथं काम पक्कं, जिथं जुळणार नाहीत तिथं पुन्हा जायचं. पद्धत चांगली होती, अजूनही मला तसंच वाटतं.

नाल्याकाठचा भाग शुभम आणि प्रणाली या दोघांकडे आला. शुभम वर्ध्याचाच. प्रणाली सिंदी रेल्वे या गावची, शेतकऱ्याची मुलगी, रोज गाडीनं यायची. कमी बोलणारी, अक्षर मोत्यासारखं. सरांची ती लाडकी होती असं म्हणणार नाही, कारण सरांना लाड करता येत नसत. पण तिची वही ते इतरांना दाखवत. शिवाय त्याच सुमारास नागपूरच्या एका नकाशे बनवणाऱ्या कंपनीनं विभागाकडून एक नाव मागितलं होतं. सहा महिने प्रशिक्षण आणि पुढे नोकरी. ते नाव प्रणालीचं जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं. तिनं घरीही सांगून ठेवलं होतं.

सगळे नकाशे जमा झाले. सर मोजत बसले. बाकीच्या जोड्या शंभरात सत्तर, फार तर पंचाहत्तर जुळत होत्या. शुभम आणि प्रणालीचे अठ्ठ्याण्णव जुळले.

पहिल्यांदा सर खूश झाले. मग कॉम्प्युटरवर उपग्रहाचं चित्र उघडून बसले, आणि त्यांचा चेहरा उतरला. नाल्याच्या पलीकडच्या ज्या पट्ट्याला दोघांनी पडीक लिहिलं होतं, तिथं चित्रात हिरव्या सरळ रेघा होत्या. रानगवत सरळ रेघेत उगवत नाही. तिथं वाफे होते. आणि दोघांनीही त्या पट्ट्याच्या कडेला एक पाण्याची टाकी दाखवली होती. चित्रात टाकीचा पत्ता नव्हता.

“मॅडम, बरोबर उत्तर दोघांचं सारखं येईल,” ते मला म्हणाले. “चूक सारखी कशी येईल?”

नकलेशिवाय दुसरं कारण आम्हा दोघांनाही दिसेना. शुभमचा नकाशा आधी जमा झाला होता, प्रणालीचा पाच दिवसांनी. म्हणजे कुणी कुणाचा उतरवला, हेही ठरलंच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भर वर्गात दोन्ही कागद खिडकीला लावले. मी मागं उभी होते. त्यांनी आवाज चढवला नाही. एकेक चौकोन दाखवत, नेहमी शिकवत तसं शिकवलं. नशिबानं किती जुळलं असतं, मेहनतीनं किती, आणि चुका जुळतात तेव्हा त्याचा अर्थ काय. मग प्रणालीला उभं केलं.

“मी सोता फिरली सर,” ती म्हणाली.

“मग ही टाकी कुठून आली?”

ती बराच वेळ नकाशाकडे बघत राहिली. “मले वाटलं...” एवढं म्हणून थांबली.

त्या थांबण्यावर सरांनी निकाल दिला. इतक्या वर्षांत मी त्यांना इतकं ठाम पाहिलं नव्हतं. त्या दिवशी ते ‘थांबा’ म्हणाले नाहीत, डस्टरला हात लावला नाही. प्रॅक्टिकलला तिला शून्य मिळालं आणि नागपूरला नाव शुभमचं गेलं. प्रणाली त्या दिवशी तास संपेपर्यंत बसली, वही दप्तरात घातली आणि दुसऱ्या दिवसापासून कॉलेजला आली नाही.

आठवडाभरानं बघितलं तर सर पुन्हा काचेपाशी. तेच दोन कागद.

“न जुळलेले दोन चौकोन मी पाहिलेच नव्हते,” ते म्हणाले. “अठ्ठ्याण्णवच पाहत बसलो.”

त्या दोन चौकोनांत प्रणालीनं एक विहीर आणि शेजारी लिंबाची झाडं दाखवली होती. शुभमच्या नकाशात ते दोन्ही चौकोन शेत होते. उपग्रहाच्या चित्रात नीट पाहिलं तर विहिरीचं गोल तोंड दिसत होतं.

“नक्कल करणारी पोट्टी विहीर कुठून आणेल, मॅडम?”

“तिनं नक्कल केली आणि वर थोडं स्वतःचंही पाहिलं, असं असेल.”

“असंही असेल.” ते खुर्चीत बसले. “मी गोंधळलो.” ते वाक्य ऐकून मला पहिल्यांदाच बरं वाटलं.

शनिवारी मी त्यांना स्कूटरवर मागं बसवून आंजीला नेलं. पाइप त्यांच्या मांडीवर नाही, दोघांच्या मध्ये उभा. नाल्याला अजून पोटरीभर पाणी होतं. अलीकडच्या काठावर बाभळीखाली एक बाई मेथीच्या जुड्या बांधत बसली होती. पन्नाशीची असेल. तिचं नाव सुमनबाई, हे नंतर कळलं. सरांनी तिला विचारलं, पलीकडं काय आहे?

“काई नाई जी. पडीत आहे.”

“अन् टाकी?”

“टाकी होनार आहे म्हन्तेत तिथं. सरकारी. तिकडं नका जाऊ, काटे लय आहेत.”

सरांनी चपला काढल्या, पॅन्ट वर दुमडली आणि ते नाल्यात उतरले. मी त्यांच्या मागं गेले, आणि सुमनबाई हातातली जुडी टाकून माझ्या मागं आली. पलीकडं झुडपांची एक दाट रांग होती. ती ओलांडली आणि समोर वाफे. मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, पुढं वांगी. इतकी निगुतीनं केलेली भाजी की एकही तण दिसेना. टाकी नव्हती.

बाई आमच्यापासून चार हात लांब उभी राहिली. “तुमी पटवाऱ्याकडचे का?”

“नाई. कॉलेजचे.”

“आधीबी दोघं आलते कागद घेऊन. पयले एक पोट्टा, मंग चार-पाच दिवसानं एक पोट्टी. त्याइलेबी मी हेच सांगतलं. ते बिचारे ऐकून गेले. तुमीच पान्यात उतरले.”

“असं काऊन सांगतलं त्यांले?”

तिनं पदरानं हात पुसले. “हे ई-क्लास आहे सर. गावची चराईची सरकारी जागा. कोनी ढोरं आनत नाई इकडं, नुसते काटे होते. म्या साफ केलं. आठ वर्स झाले लावून राह्यली. कागदावर चढलं का उठवतेत मले.”

सर वाफ्याच्या कडेनं थोडे चालले. मग म्हणाले, “ती पोट्टी विहिरीवर गेली होती का?”

“पानी मांगतलं तिनं. म्या म्हनलं, थ्या लिंबाखाली विहीर आहे, तिथं जाजो. गेलती.”

म्हणजे एवढंच झालं होतं. दोघंही नाल्यापर्यंत आले होते, पाणी बघून थांबले होते, आणि दोघांनी एकाच बाईला विचारलं होतं. नाल्याअलीकडं सगळं सलग वावर, तिथं दोघांचं जुळणारच होतं; पलीकडचं तिनं दोघांना एकच खोटं सांगितलं. नकाशे जुळले. त्यात प्रणालीला तहान लागली, म्हणून दोन चौकोन वेगळे आले.

“थांबा,” सर सुमनबाईला म्हणाले, “मी गोंधळलो.”

“बसा न मंग थोडं,” ती म्हणाली.

ते वाफ्याच्या कडेला खरंच बसले. निघताना तिनं मेथीच्या दोन जुड्या पुढं केल्या. सरांनी हात पुढं केला, मागं घेतला, पुन्हा पुढं केला. ही पाहुणचाराची भाजी आहे की तोंड बंद ठेवण्याची, हे त्यांना ठरवता येईना. शेवटी त्यांनी ती घेऊन माझ्या हातात दिली. मी घरी नेऊन केली. मलाही अजून ठरवता आलेलं नाही.

सोमवारी त्यांनी शुभमला फोन लावला. तो नागपूरला रुजूही झाला होता. “हो सर, एका बाईले विचारलं होतं,” तो सहज म्हणाला. “तुम्ही मले कधी विचारलंच नाही.”

मग आम्ही सिंदीला गेलो. प्रणालीच्या अंगणात तिची आई तूर पाखडत होती. आम्हाला बघून ती उठली, खुर्च्या टाकल्या, पण चहाचं विचारलं नाही. आपल्याकडे याचा अर्थ कळायला नकाशा लागत नाही. प्रणाली दारात येऊन उभी राहिली.

सरांनी उभ्यानंच सांगितलं. “मी तुझ्यावर जो आळ घेतला तो चूक होता. तू नक्कल केली नाही. मी तिथं जाऊन आलो. त्या बाईशी बोललो. माझं चुकलं, आणि सगळ्यांसमोर चुकलं.”

आई पुन्हा तूर पाखडायला बसली होती, तिच्या हातातलं सूप थांबलं.

“तेव्हा काऊन नाई सांगतलं, का मी विचारून लिहिलं म्हणून?” सरांनी हळूच विचारलं.

“कसं सांगू सर?” प्रणाली म्हणाली. “मी सोता फिरली असं म्हटलं होतं. अन् त्या पट्ट्यात मी पाय टाकला नव्हता. टाकी मी पाह्यलीच नव्हती. तुम्ही विचारलं तेव्हा मलेच समजेना का मी खरी आहो का खोटी. नक्कल नाई केली. पण नकाशा खोटाच होता न.”

“पण शून्य देण्याएवढा नव्हता.”

“मग किती देण्याएवढा होता?”

प्रश्न रागानं विचारलेला होता, पण सरांना तो प्रश्न म्हणूनच लागला. ते विचार करू लागले. मी मनात म्हटलं, सर, आता तरी आकडा सांगू नका. त्यांनी सांगितला नाही. त्यांचे डोळे भरून आले होते आणि चष्मा काढून पुसायला त्यांना रुमाल सापडत नव्हता. तेव्हा प्रणालीची आई आत गेली आणि पाणी घेऊन आली.

“माझी नागपूरची जागा गेली ते गेलीच न सर?” प्रणालीनं विचारलं.

“हो,” सर म्हणाले. “ती गेली.”

परत आल्यावर त्यांनी प्राचार्यांना पत्र लिहिलं. आरोप चुकीचा होता, दोघा विद्यार्थ्यांनी गावातल्या एकाच व्यक्तीला माहिती विचारली म्हणून चुका जुळल्या, शून्य रद्द करावं, चूक पूर्णपणे माझी. तेच पत्र त्यांनी वर्गात उभं राहून वाचलं. विभागप्रमुखांनी विचारलं, कोणत्या चौकोनात काय चुकलं ते लिहा, म्हणजे नोंद पूर्ण होईल. सर म्हणाले, बघतो. ते त्यांनी कधीच लिहिलं नाही.

कारण ग्रामपंचायतीचा नकाशा अजून द्यायचा होता. नाल्यापलीकडच्या त्या पट्ट्यात शेत लिहिलं तर सुमनबाईचं अतिक्रमण आम्ही आमच्या हातानं कागदावर चढवणार. पडीक लिहिलं तर, प्रणालीला ज्या चुकीसाठी वर्गात उभं केलं, तीच चूक स्वतः जाणून करणार. सर कितीतरी दिवस त्या एका कागदाशी बसून होते. मुदत दोनदा वाढवून घेतली. शेवटी नकाशा तयार झाला तेव्हा मी बघितलं. पट्टा कोरा ठेवला होता. खाली रंगांची यादी होती, शेत, वस्ती, पाणी, झाडी, पडीक, आणि सगळ्यात शेवटी एक नवा पांढरा चौकोन. त्याच्यापुढं सरांच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘पाहिलं नाही’.

“सर,” मी म्हटलं, “आपण तर पाहिलंय.”

“हो.”

“मग?”

“मग तुम्ही सांगा मॅडम, काय लिहू.”

मी खूप विचार केला. खोलीत पंखा फिरत होता. सर म्हणाले, “पंचवीस वर्षं पोरांले सांगतलं, जे पाह्यलं ते लिहा.” एवढं म्हणून त्यांनी नकाशाची गुंडाळी केली.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत त्यांनी एकाही गावाचा नकाशा हाती घेतला नाही. शिकवत राहिले, मोजत राहिले, पण जुन्या, कामातून गेलेल्या नकाशांवर. गोंधळ पूर्वीसारखाच व्हायचा. फरक एवढाच की एखाद्या मुलाचा नकाशा फार जुळला किंवा अजिबात जुळला नाही, तर सर आधी त्याला खुर्ची देत आणि विचारत, “तू त्या दिवशी कोणाकोणाशी बोललास?” पोरांना वाटायचं, म्हाताऱ्याला गप्पा मारायच्या आहेत.

प्रणाली परत आली, परीक्षा दिली, चांगल्या मार्कांनी पास झाली. पुढं स्वतःच्या हिमतीवर नागपूरला गेली आणि दोन वर्षांनी तिलाही नकाशांचंच काम मिळालं. मला अधूनमधून फोन करते. एकदा म्हणाली, “सरांना सांगा मले नोकरी लागली. अन् हेही सांगा का मी अजून रागावलेली आहो.” मी दोन्ही निरोप पोचवले. सर पहिल्यावर हसले आणि दुसऱ्यावर म्हणाले, “बरोबर आहे.” आंजीचा तो पट्टा फोनवरच्या चित्रात मी कधी कधी बघते. अजून हिरवा दिसतो. रेघा आहेत की नाहीत, ते एवढ्याशा पडद्यावर नीट कळत नाही.

सर निवृत्त झाल्यावर आमची गाठ पडेनाशी झाली. मागच्या उन्हाळ्यात मी गाडीनं अमरावतीकडे चालले होते. पुलगावला गाडी थांबली. खिडकीतून बघते तर सर फलाटावर उभे. कुणाला तरी पोचवायला आले असावेत. केस पूर्ण पांढरे झाले होते, हात रिकामे होते. मी हाक मारणार, तेवढ्यात एक परगावचं जोडपं त्यांच्याजवळ आलं. दोघांच्या हातात बोचकी. त्यांनी काहीतरी विचारलं. हातवाऱ्यांवरून वाटलं, बसस्टँडकडे कोणत्या बाजूनं उतरायचं. सरांनी डावीकडे हात केला. मग तो तसाच हवेत ठेवून थोडा वेळ उभे राहिले. हात खाली घेतला. बाईच्या हातातलं एक बोचकं आपल्या हातात घेतलं आणि त्या दोघांच्या पुढं होऊन रुळांवरून जाणारा दादरा चढायला लागले.

माझी गाडी हलली. दादऱ्याच्या वर पोचल्यावर तिघंही थांबलेले दिसले. सर कठड्याशी जाऊन एका बाजूला खाली बघत होते, मग दुसऱ्या बाजूला. ते जोडपं निमूट त्यांच्या शेजारी उभं होतं. कोणत्या जिन्यानं उतरले, ते मला दिसलं नाही.